तोंड उघडा, ल्याओ!

"अहो ल्याओ, गोळी!" राजाभाऊ दारातूनच ओरडले.

जर्मनीत लुडविग्सहाफेनला लेकीकडे राहायला आल्यापासून राजाभाऊंना मिळालेलं हे पहिलंच काम. वरच्या मजल्यावरचे म्हातारे ल्याओ चाळीस वर्षांपूर्वी चीनहून आले आणि इथल्या रेस्टॉरंटात स्वयंपाक करून निवृत्त झाले. गेल्या महिन्यात ते जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे त्यांच्या लेकीला, शिनला, कळलं की बाबांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या केव्हाच सोडल्यात. तिला पहाटे कामावर जावं लागे. म्हणून तिनं राजाभाऊंना गळ घातली, "अंकल, तेवढं लक्ष ठेवाल?"

ल्याओंनी गोळी तोंडात टाकली, वर शेवंतीचा चहा घेतला आणि रुमालानं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

"तोंड उघडा. आणि तो रुमाल झटका!"

गोळी टपकन टेबलावर पडली.

"इश निष्ट क्रांक!" ल्याओ चिडले. दोघांचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या जर्मनमध्येच चाले. "मी आजारी नाही. डोकं दुखत नाही. उगाच गोळ्या खाऊन किडनी जाते."

"दुखत नसलं तरी प्रेशर असतं! थांबा, मशीनच दाखवतो."

ल्याओ हात पुढे करेनात. "घाबरता काय? हे बघा!" म्हणत राजाभाऊंनी पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. पट्टा फुगला, सुस्कारला. आकडा आला एकशे ब्याण्णव.

ल्याओंनी चष्मा लावून पुन्हा वाचला. मग राजाभाऊंना धरून सोफ्यावर आडवं केलं आणि शिनला फोन लावला. शिननं राजाभाऊंच्या लेकीला, नीलिमाला, कळवलं. नीलिमा मीटिंग अर्धवट टाकून निघाली. तोवर ल्याओंनी टेबलावरची तीच गोळी राजाभाऊंच्या ओठाशी नेली.

"घे, राजा. गूट! फार चांगली गोळी आहे."

"अहो, ती तुमची! आणि किडनीचं काय?"

"तुझी मजबूत दिसते."

नीलिमा धापा टाकत आली. "बाबा, तुमच्या गोळ्या घेता ना?"

"घेतो की. बरं वाटत नसलं की घेतो."

"आणि आज?"

"आज बरं वाटत होतं."

ती ओरडली नाही. शेजारी बसली. "आईलाही बरंच वाटत होतं, बाबा. आदल्या रात्रीपर्यंत."

ल्याओंना मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं, पण त्यांनी नीलिमापुढे चहाचा कप ठेवला.

डॉक्टरांनी राजाभाऊंची गोळी बदलून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं समोरासमोर बसले. तळहातावर आपापली गोळी, पुढ्यात पाणी.

"आइन्स, झ्वाय, द्राय!" दोघांनी मिळून मोजलं.

आणि दोघंही गोळी हातातच ठेवून समोरच्याच्या घशाकडे टक लावून बघत राहिले. बऱ्याच वेळानं दोघांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.