टिटवीच्या डोक्याची मोजणी

आमच्या टिटवीच्या (आमची मुलगी, वय वर्षे सात, नाव आवाजावरून पडलेलं) डोक्यावर बटणाएवढा चट्टा दिसला, तेव्हा बायको म्हणाली, "डॉक्टरकडे नेऊ या."

"एवढ्याशासाठी? मी आहे ना!" मी म्हणालो. मी असणं हीच खरी अडचण आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझी नोकरी जमीनमोजणी कार्यालयातली. जागा वाढते की घटते हे बघायचं, तर आधी हद्द कायम करायची, एवढं मला कळतं. म्हणून मी निळ्या मार्करने चट्ट्याभोवती वर्तुळ काढलं आणि माझ्या खाजेवरचं उरलेलं मलम (खाज कुठली ते विचारू नका) आत चोपडलं. चार दिवसांत लाली ओसरली. मी कॉलर ताठ करून घरभर हिंडलो.

पाचव्या दिवशी चट्ट्याने हद्द ओलांडली. मी दुसरं वर्तुळ काढलं. मग तिसरं. दहाव्या दिवशी तिथे पुवाची गाठ आली आणि वेणी घालताना केसांचा पुंजकाच बायकोच्या हातात आला. टिटवी ओरडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. मी मार्करचं टोपण लावलं आणि रिक्षा बोलावली.

त्वचारोगाच्या डॉक्टरबाई भिंग घेऊन वाकल्या आणि दचकून मागे सरकल्या.

"ही निळी वर्तुळं कसली?"

"हद्दी आहेत. बाहेरची कालची. आत माझं खाजेचं मलम लावलंय."

"अहो, हा नायटा आहे! बुरशी केसांच्या मुळाशी बसते, तिथे मलम पोचत नाही. तुमच्या मलमाने वरची लाली तेवढी दबली आणि ती आतल्या आत फोफावली. आणखी उशीर केला असता, तर इथे कायमचं टक्कल पडलं असतं."

"कायमचं?" मी मटकन स्टुलावर बसलो. (ते स्टूल नव्हतं, कचऱ्याचा डबा होता.)

बाईंनी चार केस चिमट्याने उपटून तपासायला पाठवले, दीड महिन्याच्या गोळ्या आणि शांपू लिहून दिला.

"माझे केस परत येतील?" टिटवीने हळूच विचारलं.

"येतील गं राणी. थोडे दिवस लागतील."

बाहेर आल्यावर बायकोने पथ्याचा कागद मोठ्याने वाचला. "कंगवा, टोपी, उशी वेगळी ठेवावी. गोळ्या मध्येच बंद करू नयेत. वडिलांना डोक्यापासून दोन हात लांब ठेवावे."

खाली सही, शिक्का. अशा कागदावर अपील चालत नाही, हे मीच लोकांना रोज ऐकवतो.