बिराजदारअण्णांचा दुसरा जोड

आमच्या सोलापूरच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक ताणकाटा आहे. त्याला वजनं लटकलेली मी क्वचित पाहिली. चपला मात्र कायम पाहिल्या. त्या लटकवणारे बिराजदारअण्णा. ते प्रयोगशाळा सहायक, मी रसायनशास्त्र शिकवते. आमची खोली एक, चहा एक, आणि महिन्या-दोन महिन्यांनी किल्ल्यांवर जाणारा दहा-बारा जणांचा ग्रुपही एक.

अण्णा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. बोलतात मराठीत, आकडे मोजतात कन्नडमध्ये. त्यांना ध्यास एकच: ट्रेकला जाताना बुटांशिवाय बॅगेत जो दुसरा हलका जोड न्यायचा, तो कसा असावा. बुटांबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. कुणी विचारलं तर "चावणार न्हाय असलं घ्या" एवढं सांगून मोकळे. पण दुसऱ्या जोडाचा विषय निघाला की अण्णा स्टूल ओढून बसतात.

"नोडरी मॅडम," म्हणजे बघा मॅडम, "पयला जोड डोंगराचा, दुसरा जोड माणसाचा. दिवसभर बुटात कोंडलेला पाय संध्याकाळी मोकळा नको व्हय? ओढा आडवा आला तर बूट भिजवायचं व्हय?"

त्यांच्या अटी ठरलेल्या. दोन्ही पाय मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आत. टाचेमागं पट्टा हवाच, नाहीतर ओढ्यात चप्पल पुढं आणि माणूस मागं. मोजे घालूनही पाय आत जायला हवा, म्हणजे अंगठ्याची चप्पल बाद. आणि भिजली तर लवकर वाळायला हवी.

या शेवटच्या अटीनं अण्णांना फार छळलं. सोलापूरच्या उन्हात काहीही दहा मिनिटांत वाळतं. "हितं वाळलं त्याला काय अर्थ न्हाय. ते कॉपी करून पास झाल्यासारखं हाय," असं म्हणून त्यांनी भिजवलेल्या चपला प्रयोगशाळेमागच्या अंधाऱ्या कोठीत टांगायला सुरुवात केली. शेजारी वही. दर अर्ध्या तासानं जाऊन चप्पल गालाला लावून ओल बघायचे. एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी त्यांना त्या अवस्थेत पाहिलं. "कसला प्रयोग चाललाय?" त्यांनी विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "बाष्पीभवन."

एकदा मी त्यांच्याबरोबर नव्या पेठेत चपला घ्यायला गेले. ती चूक होती. दुकानदारानं सँडलचा एक चांगला जोड काढला. अण्णांनी खिशातून छोटा ताणकाटा काढून तो टांगला.

"अहो, भाजी न्हाय ही," दुकानदार म्हणाला.

"तीनशे चाळीस," अण्णा मला म्हणाले. "चाळीस ग्रॅम जास्त हाय."

"चाळीस ग्रॅमनं काय होतंय, काका?"

"तुमी उचलून न्हेणार हाय का किल्ल्यावर?"

तासाभरात सतरा जोड टांगून झाले. आम्ही रिकाम्या हातानं बाहेर पडलो, आणि मी मनाशी ठरवलं की पुढच्या ट्रेकला दुसरा जोड न्यायचाच नाही. निव्वळ हट्ट. अण्णांनी निघताना माझी बॅग बघून विचारलं, "दुसरा जोड?" मी म्हटलं, "शून्य ग्रॅम." त्यांनी आपल्या बॅगेला बांधलेल्या चपलांची गाठ घट्ट केली.

किल्ला साताऱ्याकडचा होता. सकाळी चढलो, दुपारी उतरायला लागलो. माझे बूट दोन उन्हाळे माळ्यावर पडून होते. पत्र्याखालच्या उष्णतेनं त्यांचा डिंक कधीच मेला होता, हे मला सुट्या मातीच्या एका घसाऱ्यावर कळलं. उजव्या बुटाचा तळवा अर्धा सुटला आणि मी बसकण मारली. दहा पावलांवर डावाही सुटला. बाकीची मंडळी बरीच खाली गेली होती. खाली दोन तासांची दगडाची वाट, आणि माझ्या पायात नुसते मोजे.

अण्णा मागून येत होते. त्यांनी बूट पाहिले, बॅगेच्या बाजूला बांधलेल्या स्वतःच्या चपला सोडल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. मी टोमण्याची वाट बघत होते. तो आला नाही.

"पाय द्या हिकडं," ते म्हणाले. त्यांची आठ नंबरची चप्पल, माझा पाय पाच नंबरचा. त्यांनी प्रथमोपचाराच्या डब्यातली पट्टी काढून ती माझ्या घोट्यांभोवती गुंडाळून चपला पायांना बांधल्या.

मी चालायला लागले. चप्पल दगडावर फटाफट वाजायची.

"टाच उचलून टाका, मॅडम. आवाज न्हाय झाला पायजे."

"इथं कुणाची झोप मोडतीय, अण्णा?" मी हसत विचारलं.

अण्णा माझ्या मागून चालता चालताच बोलायला लागले.

"आमच्या मंडळी दोन महिनं दवाखान्यात होत्या. त्यांना झोप लागायची न्हाय. दुखणंच तसलं. जरा डोळा लागला की मी औषध घिऊन यायचो, अन् माझ्या बुटाच्या आवाजानं त्या दचकून उठायच्या. अनवाणी जावं तर नर्सबाई वरडायच्या. मग मी चपला हुडकायला लागलो. जेवढी जड तेवढी वाजती, हे तवा कळलं. लई दुकानं फिरलो. एक जोड घावला शेवटी. दोनशे अडुसष्ट ग्रॅम. तो घालून वॉर्डात गेलो, अन् त्या उठल्या न्हाईत. दोन तास झोपल्या. मी खुर्चीत बसून बघत बसलो."

"मग?"

"मग पंधरा दिवस होत्या. पण रोज दुपारी झोपायच्या."

मला त्यांच्या पत्नी वारल्याचं माहीत होतं. मी तेव्हा भेटायलाही गेले होते. हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं नाही. टाच उचलून पाऊल टाकत राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी चपला धुऊन, वाळवून मी त्यांच्या घरी परत द्यायला गेले. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ते एकटेच. बेल वाजवली. आतून खाड खाड असा मोठा आवाज आला. कुणीतरी फरशीवरून जड पावलं टाकत येत होतं. दार उघडलं. समोर अण्णा. अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि पायात ट्रेकचे बूट, नाड्या घट्ट बांधलेले.

मी त्या बुटांकडं बघत राहिले. "कुठं निघालात का?"

"न्हाय की," अण्णा म्हणाले. "घरात हेच घालतो."

त्यांनी चपला माझ्या हातून घेतल्या आणि तळवे निरखून बघितले.

"ह्या चपला घालून हितं फिरलं की काहीच ऐकू येत न्हाय, मॅडम. घरात जरा आवाज पायजे की," ते म्हणाले. "या, आत या. चहा टाकतो."