निमकर वकिलांचा आशिया खंड

निमकर वकील कोर्टात जाताना काखेत आशिया खंड घेऊन जात. शाळेत भिंतीवर टांगतात तसला गुंडाळीचा नकाशा. दिल्लीत यमुनेपारच्या आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीत लोक घरात परदेशी टीव्ही आणत होते, आणि हा गृहस्थ परदेशी आरोपींचे खटले घेत होता. माझी मारुती नवी आणि आमची वाट एकच, त्यामुळे सारथ्य माझ्याकडे. आशिया खंडाचं एक टोक रोज माझ्या कानात जायचं.

त्यांचा साऱ्या जगाला एकच प्रश्न असे. केबल घेतोय म्हटलं, "अच्छा, आणि पुढे?" मुलाला कॉम्प्युटरच्या क्लासला घालतोय म्हटलं, तरी तेच. कोणी नुसतं 'हो' म्हटलेलं त्यांना खपत नसे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यामुळे त्यांना उलटा प्रश्न विचारणारं घरात कोणी नव्हतं.

एकदा मला सुट्टी होती म्हणून त्यांच्यामागून कोर्टात जाऊन बसलो. नासिर नावाचा अफगाण नानवाला, व्हिसा संपल्यावरही राहिला म्हणून तीन महिने तुरुंगात होता. बायकोला आठवा महिना लागलेला. तुरुंगात सगळ्यांनी त्याला पढवलं होतं की गुन्हा कबूल कर, भोगलीस तेवढीच शिक्षा होईल, आजच सुटशील. तो तोंड उघडणार तोच निमकर उभे राहिले.

"जनाब, दो मिनट. इसे आगे का किसी ने बताया नहीं है."

मॅजिस्ट्रेट वैतागले. "वकील साहब, आदमी आज छूट रहा है. आपको क्या तकलीफ है?"

"छूटकर घर नहीं जाएगा, जनाब. सीधा हवाई जहाज में बिठाया जाएगा."

आणि भर कोर्टात त्यांनी नकाशा उलगडला. एक बोट दिल्लीवर, दुसरं काबूलवर. "नासिर, कबूल किया तो यहाँ से यहाँ. नहीं किया तो अंदर रहेगा, और मैं लड़ूँगा. अब तू बोल."

काबूलमध्ये नासिरच्या दोन भावांना मारून टाकलं होतं. उरलेला तिसरा हा. त्याने काबूलवरचं निमकरांचं बोट बघितलं. मग म्हणाला, "कबूल नहीं."

पोलीस परत तुरुंगात नेताना मात्र तो निमकरांवर भडकला. "बच्चा होगा और मैं अंदर. आपकी वजह से."

"हाँ, मेरी वजह से," निमकर म्हणाले.

मला त्यांचा रागच आला. कशाला या लष्कराच्या भाकऱ्या? शहाणपण आपण शिकवायचं आणि तुरुंगात बसायचं दुसऱ्याने.

पुढच्या आठवड्यात ते आमच्या हिला अळिवाचे लाडू करून द्याल का, असं विचारायला आले. "कोणासाठी?" हिने विचारलं. "घरी बाळंतपण आहे," ते म्हणाले. साठीच्या विधुराच्या तोंडून हे ऐकून ही माझ्याकडे बघायला लागली.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या दारात उभे. आत नासिरची बायको, पोटावर हात ठेवून.

"विदेशी लेडी को आप यहाँ कैसे रख सकते हैं? पुलिस को बताना पड़ेगा."

"थाने में मैं खुद लिखकर दे आया हूँ. उसका वीजा अभी बाकी है."

"पर वो आपकी लगती क्या है?"

निमकर दारात आडवे उभे राहिले.

"पहली डिलिवरी है. हमारे यहाँ मायके में होती है."