तात्यांची धुई

आमच्या शेजारचे रंगनाथतात्या लग्नाचं आवतण द्यायलाही कुणाच्या दारात जायचे नाहीत. पण धुकं पडलं की भल्या पहाटे घरोघरच्या कड्या वाजवत सुटायचे. "उठा! आली, आली!"

शेवगावजवळच्या त्या खेड्यात मी नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. पहिल्यांदा घाबरून दार उघडलं. "कोण आली?"

"धुई! दुसरं कोन येनार?"

समोरच्या नव्या सुनेला वाटलं, गावाला गेलेली सासूच परत आली. बिचारी पदर सावरत चूल पेटवायला धावली.

धुईनं हरभऱ्याचा फुलोरा गळतो म्हणून गाव तिला शिव्या घालायचं. तात्यांच्या रानातही हरभराच. तरी हे खूश! "गळंना का. फुलं पुन्यांदा येत्यात."

त्यांच्या बोलण्यातही धुईच. जेवणानंतर पेंग आली की डोळ्यांवर धुई. वकिलाचं बोलणं म्हणजे नुसती धुई. मी व्याकरण शिकवताना खिडकीतून सांगायचे, "गुरुजी, पोरांच्या डोस्क्यात धुई सोडू नका." मात्र चुलीच्या धुराला कुणी धुई म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "धूर रडिवतो. धुई न्हाई रडवीत."

दुष्काळाच्या वर्षी हवेत ओल नावाला नव्हती. तात्या रोज पहाटे अंगणात उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे आणि गुमान आत जायचे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. हिवाळ्यात एका सकाळी मी दार उघडलं, तर गावच नव्हतं. देऊळ नाही, चिंच नाही, रस्ता नाही. नुसता पांढरा, ओला, गप्प पसारा. जग नुकतंच घडत असावं, तसा. मी चपला तिथंच सोडल्या आणि अनवाणी ओढ्याच्या वाटेला लागलो. आज कडी कशी वाजली नाही, हे वाटेत आठवलं.

तेवढ्यात पुढून हसणं ऐकू आलं. तात्या आणि त्यांची बायको, सरूकाकू! काकूंची नजर गेली होती. नगरच्या डॉक्टरांनी 'नस सुकली, इलाज नाही' असं सांगितल्यापासून त्या दिवसा उंबऱ्याबाहेर पडत नसत. आपल्याला चाचपडताना कुणी बघू नये म्हणून. आणि आज त्या पुढं चालत होत्या, तात्या मागून ठेचकाळत होते.

"धरा हात," काकू म्हणाल्या. "तुमाला सवय न्हाई."

"काय दिसतंय गं म्होरं?"

"तुमाला दिसतंय तेवढंच!" काकू पुन्हा खळखळून हसल्या.

मी आवाज न करता मागं थांबलो. बघता बघता धुकं विरलं. ओढा दिसला, पलीकडची रानं दिसली, लख्ख ऊन पडलं.

"हाय का अजून?" काकूंनी विचारलं.

तात्यांनी एकदा सगळीकडं बघितलं. मला बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"लई दाट हाय," ते म्हणाले. "हातभर म्होरचं दिसंना."

ऊन काकूंच्या पाठीवर पडलं होतं. त्यांना ते लागत असणारच. त्यांनी तात्यांचा हात जरा घट्ट धरला.

"मंग चला की अजून थोडं."