पसंतीला आणलेले पाच ड्रेस

खरेदी कशी करावी हे मला कुणी शिकवू नये. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीचं परचेस मी बघतो. आधी नमुना, मग तपासणी, मगच ऑर्डर! नटबोल्टापासून क्रेनपर्यंत माझ्या हातून वाईट माल कधी आत आलेला नाही. तेव्हा कंपनीच्या दिवाळी पार्टीसाठी बायकोला एक ड्रेस घ्यायचा, यात अवघड ते काय?

रुचिताची अट एकच होती. "लग्नाच्या बस्त्यापासून आजवर माझे कपडे दुसऱ्यांनीच पसंत केलेत. आधी माझ्या मामांनी, मग तुमच्या आईंनी, मग तुम्ही. हा एक ड्रेस मी निवडणार."

"दुकानात गर्दी असते. मी पाच आणतो पसंतीला. तू घरी आरशापुढं निवांत निवड."

दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "घरी दाखवा, एक ठेवा, चार परत आणा. डाग तेवढा पडाय नको." मी पाच आणले. त्यात टिकल्यांचा सोनेरी ड्रेस खास माझ्या पसंतीचा.

पार्टीच्या दिवशी सकाळी रुचितानं बाटलीहिरवा ड्रेस अंगाला लावून बघितला आणि स्वतःशीच हसली. तशी हसलेली मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. मग ती शाळेत शिकवायला गेली आणि मी कामावर.

संध्याकाळी घरी आलो, तर थोरली बहीण आक्का दोन्ही लेकींना घेऊन दिवाळीला आलेली. पाचही ड्रेस देवापुढं पाटावर. प्रत्येकाच्या गळ्याशी आईनं ओल्या हळदी-कुंकवाचं बोट उमटवलेलं.

"आई, हे काय केलंस?"

"नवी कापडं हायत न्हवं? कुंकू नको लावाय?"

"अगं, यातले चार परत द्यायचेत."

"देवापुढं ठेवलेली कापडं परत देत्यात व्हय?"

दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कुंकू लागलं की माल तुमचा झाला की."

झालं ते झालं. मी छाती पुढं काढून जाहीर केलं, "असू दे. पाचही ठेवू." कुठल्या मुहूर्तावर बोललो कोण जाणे!

"एकट्या सुनंला पाच?" आई म्हणाली. "आणि दिवाळीला आलेल्या लेकीनं नुसतं बघत बसायचं?"

"राहू दे गं आई," आक्का बोलली. "त्याला कुठली बहिणीची आठवण व्हायला."

यावर आजवर कुठल्या भावाला उत्तर सुचलंय? "अगं आक्का, तुमच्यासाठीच तर आणलेत," मी बोलून गेलो.

आक्कानं जांभळा उचलला. धाकट्या भाचीनं गुलाबी. आईचा न्याय सगळ्यांना सारखा, म्हणून माझी भावजय प्रियदर्शनी हिला खालच्या मजल्यावरून बोलावून निळा दिला. थोरली भाची बाटलीहिरवा घालूनच बाहेर आली, आणि नेमकी तेव्हाच रुचिता दारात उभी.

"मामी, कसा दिसतोय?"

रुचितानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "छान दिसतोय गं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, त्याचंच मला फार लागलं.

पाटावर सोनेरी ड्रेस तेवढा राहिला होता. धाकट्या भाचीनं तो आधी हातात घेतला होता म्हणे, आणि बघून परत ठेवला होता.

आतल्या खोलीत मी हळूच म्हटलं, "पार्टीला अजून वेळ आहे. मी पळत जाऊन दुसरा आणतो."

"परत तुम्हीच?"

ती पलंगावर बसली, पायांतल्या चपला काढल्या आणि नीट जोडून ठेवल्या.

"आज मी माझ्या पसंतीनं एक गोष्ट ठरवलीय."

"कुठली?"

"मी येत नाही. तुम्ही जावा."

एकटाच गेलो. जेवताना मॅनेजरसाहेबांच्या बायकोनं चेष्टेत विचारलं, "रुचिता का नाही आली? घालायला काही नव्हतं की काय?"

"पाच ड्रेस आणले होते, वहिनी."

"बघा," साहेब म्हणाले, "बायकांना कितीही आणा, कमीच!" सगळं टेबल हसलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो.

पार्टी केव्हाच संपली. मी मात्र अजून पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा आहे. घरी जायचा धीर होईना.