फ्लिटच्या पंपाने रंगवलेली गाडी

आधीच सांगून ठेवतो, गाडी रंगवणं अगदी सोपं असतं! जो अवघड म्हणतो त्याला एकतर पैसे काढायचे असतात, नाहीतर त्याने जन्मात रंगाचा डबा उघडलेला नसतो. यल्लाप्पा मेस्त्रीने आमच्या मोटारसायकलला रंग द्यायचे ऐंशी रुपये सांगितले, तेव्हा मी बाबांच्या देखत म्हणालो, "ऐंशी? पंधरात करून दाखवतो!"

यल्लाप्पा हसला. बाबा हसले नाहीत. माझ्या नववीच्या निकालानंतर ते माझ्याकडे बघून हसायचे बंदच झाले होते.

निकालाचं थोडक्यात सांगतो. गणिताच्या मास्तरांनी माझा कान धरला, मी त्यांचा हात धरला, आणि शाळेने मग मला काही धरून ठेवलं नाही. तेव्हापासून मी घरी. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या कुठल्या घरापुढची फरशी फुटलीय, कुणाच्या सायकलची कुठली तार सैल आहे, सगळं मला पाठ. फक्त काम नव्हतं.

गाडी होती मिलिटरीच्या डिस्पोजलमधली, लिलावात घेतलेली. हिरवट खाकी, त्यावर गंजाचे चट्टे. गल्लीतली पोरं तिला बेडूक म्हणायची. त्यावरून मी दोघांना बदडलं होतं. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? ती दिसायची बेडकासारखीच.

बाबा कारखान्याच्या कामाला दहा दिवस कानपूरला गेले आणि मी ठरवलं, ते येईपर्यंत बेडकाचा घोडा करायचा. काळा. चकचकीत. बाबांनी नुसतं "अरे वा" म्हटलं असतं तरी मला चाललं असतं.

पण त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणाचंच लक्ष गाड्याबिड्यांकडे नव्हतं. चीनची लढाई चालू होती. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरात चंद्राबाई राहायच्या, बेळगावकडच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्यांचा नवरा आप्पाजी गिरणीत, आणि मुलगा परसू पलटणीत, वर डोंगरात कुठेतरी. पाच आठवडे परसूचं पत्र नव्हतं. अक्का रोज दुपारी दारात बसायच्या, पुढ्यात सूप, आणि तेच ते तांदूळ पुन्हा पुन्हा पाखडायच्या. पलीकडच्या गल्लीत एका घरी तार आली होती. लाल मोटारसायकलवरून खाकी कपड्यातला माणूस आला, सही घेतली आणि गेला. त्या घरात त्यानंतर रेडिओ लागला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर डोक्यात येणं वेगळं!

तर, रंग आणायला गेलो. कानडी मला येतं. म्हणजे चार वर्षं बंगळूरात काढल्यावर न येऊन सांगतो कुणाला? दुकानात चष्मा लावलेले एक म्हातारे अण्णा बसलेले. मी ऐटीत म्हणालो, "अण्णा, केप्पु बण्ण कोडी."

"एनु?"

"केप्पु!"

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "यारु केप्पु?"

मला वाटलं, बिचाऱ्याला ऐकू कमी येतं. मी पुढे वाकलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "केप्पु! केप्पु!"

म्हातारा ताडकन उभा राहिला. "नानु केप्पना? नानु?" हातात मापाचा डबा! शेजारचं गिऱ्हाईक मधे पडलं म्हणून वाचलो. ते मला मराठीत म्हणालं, "अरे पोरा, त्यांना बहिरा काय म्हणतोस? तेही कानात ओरडून?"

"मी रंग मागतोय!"

"मग केंपु म्हण की. केंपु बेका, हवाय?"

"हां हां, तेच! केंपु!"

सुटलो एकदाचा. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाला. घरी येऊन झाकण उचकटलं आणि आत बघतो तर लाल. नुसता लाल नाही, ताज्या मिरचीच्या ठेच्यासारखा लाल! कानडीत काळा म्हणजे कप्पु, लाल म्हणजे केंपु. मी दोन्हीच्या मधला शब्द काढला होता, आणि तो निघाला बहिरा.

उघडलेला डबा परत घेत नाहीत. आणि घेत असते तरी त्या म्हाताऱ्यासमोर कुठल्या तोंडाने जाणार?

आई डोकावली. "काळा आणणार होतास ना?"

"काळा काय, कुणीही देतं. मी लालच आणलाय. मुद्दाम."

"डोळ्यात जातोय रे तो."

"गेलाच पाहिजे!"

तिथेच चूक कबूल केली असती तर ही गोष्ट इथे संपली असती. पण माझा स्वभाव तसा नाही.

मागच्या अंगणात गोणपाटं टांगली, कुणी आधी बघू नये म्हणून. दोन दिवस पॉलिश पेपरने गंज घासला. खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला. रंग फवारायचं मशीन यल्लाप्पाकडे होतं, आमच्याकडे होता फ्लिटचा पंप. ढेकणांचा.

"तो पंप घेऊ नकोस," आई म्हणाली.

"ढेकूण काय नि गाडी काय, फवारा तो फवाराच!"

रंग घट्ट, म्हणून त्यात टर्पेंटाइन घातलं. टर्पेंटाइन संपलं, म्हणून रॉकेल घातलं. पंप आधी नुसता खोकला. मग शिंकला. मग एकदम असा सुटला की गाडी, भिंत, माझे दोन्ही सदरे आणि दोरीवरचं आईचं पांढरं लुगडं, सगळ्यांवर सारखीच कृपा झाली. आईने लुगडं उचललं, ते लाल ठिपके बघितले आणि म्हणाली, "ही छपाई पंधरा रुपयांत धरली आहेस की वेगळी?"

टाकीवर ओघळ आले. ते पुसले तर बोटं उठली. बोटं झाकायला पुन्हा फवारलं. पंपात जुनं फ्लिट उरलं होतं बहुतेक, कारण ओल्या रंगावर बसलेली एकही माशी परत उडाली नाही. वाळल्यावर टाकी हाताला संक्रांतीच्या हलव्यासारखी काटेरी लागत होती. पण लांबून? लांबून बघाल तर दृष्ट लागेल! तिसऱ्या दिवशी रंग जवळजवळ वाळला. हे "जवळजवळ" लक्षात ठेवा.

आता आधी यल्लाप्पाला दाखवायची. माझे दोन्ही सदरे वाया गेलेले, म्हणून बाबांचा कारखान्यातला जुना खाकी सदरा घातला. खाली खाकी पँट. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून बाबांचा गॉगल, नाकातोंडावर रुमाल. शाळेचं जुनं दप्तर रिकामंच पडलं होतं, त्यात नटबोल्टचे पाने भरले आणि खांद्याला अडकवलं. मागच्या बोळातून गाडी काढली, किक मारली, आणि निघालो.

तुम्ही शहाणे आहात. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

मला वाटलं, लोक बघतायत ते रंगाकडे. नळावरच्या बायकांचे हात थांबले. घागर भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद करेना. मी मनात म्हटलं, बघा बघा! चौकातला एक म्हातारा घाईघाईने पुढे आला, "नमगे एनादरू इदेया?" आमच्यासाठी काही आहे का, असं विचारत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने आकाशाकडे बघून हात जोडले. मला वाटलं, वेडा आहे! एका बाईने मला बघून दार लावून घेतलं, तेव्हा मात्र मला राग आला. रंग एवढा काही वाईट नव्हता!

यल्लाप्पाकडे जाण्याआधी आपल्या गल्लीला एकदा दाखवू, म्हणून वळलो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि गाडी फट्, फट्, फुस्स करून बंद पडली. बरोबर अक्कांच्या दारात. टाकीच्या झाकणात हवा जायला एक बारीक भोक असतं. ते मी रंगाने बुजवून टाकलं होतं. आत हवा नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? हे मला नंतर यल्लाप्पाने सांगितलं. त्या वेळी मी नुसत्याच किका मारत होतो.

अक्का दारात होत्या. पुढ्यात सूप.

त्यांच्या हातून सूप पडलं नाही. त्यांनी ते हळूच बाजूला ठेवलं, एक दाणा न सांडता. डोक्यावर पदर घेतला. मग म्हणाल्या, "आलास बा?"

मी म्हटलं, "हो." रुमालातून.

"वाच. हळू वाच. मला वाचाय येत न्हाई."

"काय वाचू?"

"जे आणलंयस ते."

मला काही कळेना. किक लागत नव्हती, घाम फुटला होता, प्लग काढून बघावा म्हणून मी दप्तरात हात घातला. आणि माझा हात दप्तरात गेला मात्र, समोरच्या ठकुबाईंनी हंबरडा फोडला! "अगं बाई गं! परसू गेला गं!"

पुढचं फार भराभर झालं. दारं उघडली. बायका धावल्या. कुणीतरी सायकलवरून गिरणीत आप्पाजींना आणायला सुटलं. माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला ओलांडून गेली, "सरक रे बाबा," म्हणाली आणि अक्कांना धरून रडायला लागली. स्वतःच्या पोराला ओळखलं नाही!

मी पाना वर केला. "पाना आहे हा! पाना!"

कोण ऐकतंय? वीस माणसं रडत होती. माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की माझ्या तोंडून नेमकं काय निघतं ते देवालाच ठाऊक. मी ओरडलो, "अहो, पण मेलंय कोण?"

ठकुबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढून माझ्याकडे बघितलं.

अक्का उठल्या. गाडीला धरत धरत माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझा गॉगल काढला. रुमाल खाली ओढला.

"उप्या?"

"हो अक्का."

"तार कुठाय?"

"तार नाही. गाडी आमचीच आहे. रंगवली."

"आणि परसू?"

"मला काय माहीत, अक्का?"

त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की गॉगल त्यांच्या हातात असूनही मला अंधारी आली! हात टाकीवर टेकून आल्या होत्या आणि रंग, मी म्हटलं ना, जवळजवळच वाळला होता. माझ्या गालावर पाच लाल बोटं उमटली. मग त्याच हाताने त्यांनी माझं डोकं छातीशी दाबून धरलं. त्या हुंदके द्यायला लागल्या. मी हललो नाही. मान अवघडली होती.

आप्पाजी आले ते अनवाणी, धावत, गिरणीपासून. सायकलवाल्याच्या मागे बसायचंही सुचलं नव्हतं त्यांना. लोकांनी सांगितलं, तार नाही, काही नाही, मधुकररावांची, म्हणजे आमच्या बाबांची, गाडी आहे, पोराने रंगवलीय. ते रस्त्याच्या कडेला खाली बसले. पाणी प्यायले. बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता दुसरा गाल.

"रंग ओला हाय अजून," एवढंच म्हणाले, आणि पाय पुसून परत कामावर गेले.

बाबा परत आले. आईने त्यांना सगळं सांगितलं, लुगड्यासकट. मी माराची तयारी करून भिंतीशी उभा होतो. बाबा गाडीभोवती एक फेरी फिरले, टाकीवरच्या माश्या त्यांनी मोजल्या असाव्यात, आणि म्हणाले, "खरवड." यल्लाप्पाशी बोलून त्यांनी ठरवलं की मी रोज गाडी त्याच्याकडे न्यायची, त्याच्या डोळ्यांदेखत रंग काढायचा आणि संध्याकाळी परत आणायची. यल्लाप्पाकडे रात्री ठेवायला जागा नव्हती. आणि तो रंग! लावताना टिकत नव्हता, काढताना सुटत नव्हता. दिवसभर घासून तळहाताएवढं लोखंड दिसायचं.

चौथ्या दिवशी पोस्टमन आला. नेहमीचा, पायी येणारा. अक्कांनी त्याच्याकडून पत्र घेतलं आणि वाचायला ना त्याला सांगितलं, ना आप्पाजींची वाट बघितली. आमच्या घरी येऊन मला म्हणाल्या, "उप्या, चल. त्या दिवशी वाचायचं ऱ्हायलंय तुझं."

मी वाचलं. अडखळत वाचलं, परसूचं अक्षर माझ्याहून वाईट. मी खुशाल आहे. थंडी फार. चटणी संपली.

"संपली? एवढ्यात?" अक्का म्हणाल्या. "दोस्तांना वाटली असंल. लहानपणापासनं तसाच हाय. बरं, फुडं?"

"पुढे, बाबांना नमस्कार. आणि तू रडू नको."

"कोण रडतंय?" त्यांनी डोळे पुसले. "तारीख कंची हाय रे?"

तारीख वर कोपऱ्यात होती, चांगली स्वच्छ. माझ्या लाल गाडीच्या वीस दिवस आधीची. म्हणजे पत्र लिहिलं तेव्हा परसू खुशाल होता. आज कसा आहे, ते त्या कागदाला काय ठाऊक? अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"पुसलीय, अक्का."

"एवढं लांबनं यायचं म्हंजे पुसायचीच की," त्या म्हणाल्या, आणि पत्र घडी करून कमरेला खोचलं.

दुसरं पत्र यायला आणखी अठरा दिवस लागले. त्यातही चटणीच मागितली होती, पण तारीख ताजी होती, आणि ती मी दोनदा वाचून दाखवली, मोठ्याने!

त्या अठरा दिवसांत मात्र मी गाडी एकदाही गल्लीत चालू केली नाही. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, वरून गोणपाट टाकून, अक्कांच्या दारावरून ती ढकलत नेली; मागच्या बोळाला चढ, तिथून ढकलवेना. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. डिस्पोजलची मोटारसायकल ढकलायला काय असते, ते कधी ढकलून बघा! पोरं कट्ट्यावर बसून दात काढायची.

"काय रे उप्या, पेट्रोल संपलं?"

"हो," मी म्हणायचो. "संपलं."