पाय ठेवायची फरशी

बायकोचा शिवणवर्ग दिवाणखान्यातून तळघरात हलवायचा आणि आपली आरामखुर्ची परत मिळवायची, एवढ्या एकाच उदात्त हेतूने अप्पांनी तळघराची फरशी रंगवायला घेतली. नव्या टाइल्सचा खर्च ऐकूनच त्यांना घाम फुटला होता. जुन्या टाइल्स ठणठणीत होत्या. फक्त त्यांचा मूळ रंग कोणता, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

अप्पा आयुष्यभर पुलांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. रेघ केसभर सरकली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी फरशी खसाखसा धुतली, पॉलिश पेपरने घासली, प्रायमर लावला. फाटकाचा उरलेला निळा आणि खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग मिसळून असा काही आकाशी साधला, की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मग पुठ्ठा कापून स्टेन्सिल केली आणि गुडघे टेकून टाइलमागून टाइलवर फूल उमटवलं. वरून व्हार्निश. सगळं संपल्यावर ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि नुसते बघत राहिले. त्यांचा ऊर भरून आला. पूल बांधले दुसऱ्यांनी. ही फरशी मात्र सबंध त्यांच्या हातची होती.

"वाळली ना?" माईंनी वरून विचारलं. "मग मशिनी उतरवू या."

"मशिनी? लोखंडी पायांच्या?" अप्पा ताडकन उठले.

"नाही, कापसाच्या!"

अप्पांनी घरातले झाडून सगळे मोजे गोळा केले आणि दिवाणखान्यातच मशिनींच्या पायांत चढवून बघितले. पहिल्याच विद्यार्थिनीने पायडल दाबलं आणि मशीन कपाटाच्या दिशेने निघाली.

"बाई, ही चालली!" ती ओरडली. तिच्या ब्लाउजची बाही गळ्यापर्यंत शिवली गेली होती.

"आपण असं करू," अप्पा म्हणाले, "मशिनी वरच ठेवू. खाली नुसतं कापड बेतायचं. अनवाणी."

"आणि कात्री पडली तर?"

अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी हा विचारच केला नव्हता. "मग कात्रीही वरच. टाचण्याही. खाली फक्त... तोंडी शिकवता येणार नाही का?"

"तोंडी परकर शिवतात का हो?" माई कडाडल्या. "तुमच्या आराखड्यापायी माझा वर्ग बुडायचा! वर्गातली ती उंच मुलगी आजच म्हणाली, इथे अशीच अडचण राहिली तर ती कोपऱ्यावरच्या वर्गाला जाणार. तिच्यामागे बाकीच्या जातील. इतक्या वर्षांचं माझं नाव आहे हो!"

अप्पांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खाली जाऊन फरशी बघितली की ते पुन्हा विरघळत. शेवटी त्यांनी स्वतःच जाहीर केलं, "वर्ग वरच राहू दे. मी खुर्ची सोडली." आणि ते उशी घेऊन पायरीवर राखणीला बसले.

दुसऱ्या दिवशी वर विद्यार्थिनी दाटीवाटीने बसलेल्या असताना माई खाली आल्या आणि अप्पांच्या शेजारी टेकल्या. बराच वेळ फरशी न्याहाळत राहिल्या.

"सुरेख झालीय हो," त्या मनापासून म्हणाल्या. अप्पा फुलले. मग माईंनी मान तिरकी केली. "फक्त ते मधल्या ओळीतलं एक फूल वाकडं आलंय."

"वाकडं?" अप्पांनी उशी बाजूला सारली. "कुठलं?"

"ते काय, भिंतीकडून."

अप्पा चपलांसकट धावले. मधल्या ओळीवर ओणवे झाले, मागे सरले, पुढे सरले, गुडघ्यावर बसून डोळा फरशीला लावला. "हे? की हे? अगं, सगळी सरळच आहेत!"

"हो का? मलाच भास झाला असेल." माई उठल्या आणि जिन्यातून हाक मारली, "या गं सगळ्या खाली! अप्पांनी उद्घाटन केलं!"

अप्पा दचकून पायाखाली बघू लागले. एकही ओरखडा नव्हता. ते चार पावलं चालले, मग जरा आपटून चालले. तरीही नाही. वरून मशिनी उचलल्याचा आवाज येऊ लागला, तसे ते छाती काढून फरशीच्या मधोमध उभे राहिले.

"आणा, आणा!" ते गरजले. "आणि ते मोजे काढा आधी. मी रंगवलेली फरशी आहे ही, काय समजलात!"